‘सेटिंगमध्ये जाऊन बंद करा ना!’

आमच्या जमातीचं एक ठरलेलं उत्तर आहे. आमची जमात म्हणजे नवा फोन बाजारात आला की त्याच्या प्रोसेसरवरून तासभर वाद घालणारे, लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत ‘नुसतं बघायला’ जाऊन पिशवी भरून परतणारे आणि नात्यातल्या सगळ्या काका-मावश्यांचे प्रिंटर बिनपगारी दुरुस्त करणारे लोक. फोनचं लॉक उघडायच्या आधीच जाहिरात दिसते, कुठल्याशा ॲपनं आपोआप वर्षाची वर्गणी कापली, अशी कुरकुर घेऊन कुणी आमच्याकडे आलं, की आम्ही मान वर न करता सांगतो, ‘अहो, सेटिंगमध्ये जाऊन बंद करा ना!’ समोरच्यानं आणखी ताणलं तर पुढची उत्तरंही तयार असतात. फुकट मिळतंय ना, मग सोसा. नाही आवडत तर वापरू नका. तुमच्याच सुरक्षेसाठी आहे ते. आणि अभ्यासू मंडळींत वाद रंगलाच तर शेवटचा हुकमी पत्ता: कायदे करून काय होतं? युरोपनं केले, आणि प्रत्येक वेबसाइटवर कुकीची पाटी लागली.

मला ही सगळीच उत्तरं चुकीची वाटतात. त्यांच्या तळाशी एकच समजूत आहे, की रोजच्या सॉफ्टवेअरमधला वैताग हवामानासारखा असतो. तो कुणी आणत नाही, शहाण्यानं फक्त छत्री बाळगायची. माझं म्हणणं असं, की यातला बराचसा वैताग कुणीतरी बैठकीत बसून, आकडे बघून, विचारपूर्वक घातलेला असतो. हे सिद्ध करायला कंपन्यांच्या मनात शिरण्याची गरज नाही. एक साधी कसोटी आहे. त्याच कंपनीवर कुणी सक्ती केली, की तोच वैताग काही महिन्यांत नाहीसा होतो का? होत असेल, तर तो तांत्रिक अडचणीमुळे नव्हता, हे उघड आहे.

खऱ्या चुका मी यातून वगळतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले आणि आपल्याकडे काही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. तो निष्काळजीपणा होता, पण त्यातून कुणाला नफा नव्हता. मी बोलतोय ते नफ्याच्या वैतागाबद्दल.

आता ‘सेटिंगमध्ये आहे’ हे उत्तर. वस्तुस्थिती म्हणून ते बहुतेकदा खरं असतं. बटण असतंच. ते कुठे आणि किती खोल ठेवलंय, हा प्रश्न असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर दावा लावला, त्यातला तपशील वाचण्यासारखा आहे. प्राइमचं सभासदत्व घ्यायला एखाद-दुसरा क्लिक पुरायचा. रद्द करायचं तर चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय यांतून वाट काढावी लागायची, असं कमिशनचं म्हणणं होतं. या वाटेला कंपनीच्या आत नाव काय होतं? ‘इलियड’! ट्रॉयच्या प्रदीर्घ युद्धावरचं होमरचं महाकाव्य. (आपल्याकडच्या एखाद्या कंपनीनं ‘महाभारत’ असं नाव ठेवलं असतं तर निदान प्रामाणिकपणाचे गुण द्यावे लागले असते.) रद्द करणं सोपं करावं असे प्रस्ताव आतून आले होते आणि त्यानं उत्पन्न घटेल म्हणून वरिष्ठांनी ते रेंगाळत ठेवले किंवा फेटाळले, असाही कमिशनचा आरोप होता. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनं चूक मान्य न करता अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली. त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे.

पण माझ्या दृष्टीनं या प्रकरणातली सर्वांत बोलकी तारीख वेगळीच आहे. जुलै २०२२ मध्ये, म्हणजे अमेरिकेतला दावा दाखल होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, युरोपीय आयोगाच्या पाठपुराव्यामुळे ॲमेझॉननं युरोपात प्राइम दोन क्लिकमध्ये रद्द करण्याची सोय दिली. म्हणजे काही महिने असे होते, की पॅरिसमधल्या ग्राहकाला दोन क्लिक लागत होते आणि शिकागोतल्या ग्राहकाला सहा. कंपनी तीच आणि सेवाही तीच. शिकागोचा ग्राहक पॅरिसवाल्यापेक्षा अडाणी होता म्हणून त्याला चार क्लिक जास्त लागत होते, असं आमच्यातल्या कुणाला म्हणायचं असेल तर त्यानं खुशाल म्हणावं.

अशा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनं २०१० मध्ये दिलं. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत याचे तेरा प्रकार नोंदवले आहेत, आणि सरकारी कागद असूनही ते वाचताना करमणूक होते, कारण प्रत्येक प्रकार आपण भोगलेला असतो. नकळत टोपलीत टाकलेली देणगी. ‘फक्त दोनच शिल्लक’ची खोटी घाई. शेवटच्या पानावर उगवणारं शुल्क. विमानाचं तिकीट काढताना विमा नको म्हणायचं तर ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवायला लावणं. हे उदाहरण खुद्द त्या मार्गदर्शक तत्त्वांतच दिलेलं आहे. आणि सतत टोचत राहणं हा एक प्रकार. माझा सर्वांत नावडता. ‘हो’ आणि ‘आत्ता नको’ असे दोनच पर्याय द्यायचे. ‘कधीच नको’ हा पर्यायच नाही. इथे सेटिंगमध्ये जाऊन बंद काय करणार? बंद करायला बटणच ठेवलेलं नाही.

मुळात सुरुवातीला काय चालू आणि काय बंद ठेवायचं, हा निर्णय कुणीतरी आपल्या वतीनं घेतलेला असतो. तो आपल्या बाजूनंही घेता येतो, याचं एक उत्तम देशी उदाहरण आपल्या पाकिटात आहे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२०च्या परिपत्रकानुसार नवं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड हाती येतं ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर चालण्याच्या अवस्थेत. ऑनलाइन, परदेशी आणि कार्ड नुसतं टेकवून होणारे व्यवहार बंद असतात. ज्याला हवे त्यानं चालू करायचे, मर्यादा ठरवायची, वाटलं तर पुन्हा बंद करायचे. ज्याला सोय हवी त्यानं सेटिंगमध्ये जायचं, ज्याला काहीच नको त्यानं कुठेही जायचं नाही. याच्या उलटी व्यवस्था आम्ही फोनवर, टीव्हीवर, लॅपटॉपवर निमूट चालवून घेतो आणि वर बिचाऱ्या मावशीला सांगतो, की तुम्हाला वापरता येत नाही.

‘फुकट आहे ना’ या उत्तरावर फार वेळ घालवावा असं मला वाटत नाही. ते २०१० च्या सुमारास पटण्यासारखं होतं. आज पैसे मोजून घेतलेल्या टीव्हीच्या पहिल्याच पानावर जाहिरात असते. लॅपटॉपच्या किमतीत विंडोजचे पैसे भरलेले असतात, तरी एप्रिल २०२४च्या एका अपडेटनं विंडोज ११च्या स्टार्ट मेनूत ‘शिफारशी’ या सोज्ज्वळ नावाखाली ॲपच्या जाहिराती आल्या. प्राइम व्हिडिओनं १७ जून २०२५ पासून भारतात वर्गणीदारांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये मागितले. प्रिंटरची गोष्ट तर याहून मासलेवाईक. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी इतर कंपन्यांची शाई एकाएकी नाकारायला सुरुवात केली, कारण आधीच्या एका फर्मवेअर अपडेटमध्ये तशी तरतूद करून ठेवलेली होती. ओरड झाल्यावर कंपनीनं दिलगिरी व्यक्त केली आणि ज्यांना हवं त्यांना ते बंधन काढणारं फर्मवेअर दिलं. वस्तू विकत घेतलेली, घरात टेबलावर ठेवलेली, पण तिच्यात काय चालेल हे ठरवणारा दुसराच. यात फुकट काय होतं?

‘वापरू नका’ हे उत्तर मात्र नीट तपासलं पाहिजे, कारण त्यात स्वातंत्र्याचा सूर आहे आणि तो आम्हाला आवडतो. प्रश्न इतकाच, की न वापरण्याची किंमत कोण भरतं. शाळेच्या सूचना एका ग्रुपवर येतात, सोसायटीच्या फाटकावर पाहुण्यांची नोंद एका ॲपमध्ये होते, दवाखान्याची वेळ, क्लासची फी, गॅसचं बुकिंग. यातलं एकही आपण निवडलेलं नसतं. समिती ठरवते, शाळा ठरवते. सोसायटीच्या सभेत ‘मला हे ॲप नको’ म्हणणाऱ्या आजोबांकडे सगळे ज्या नजरेनं बघतात ती आठवा. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं नवं गोपनीयता धोरण आणलं आणि स्वीकारा किंवा निघा असा पवित्रा घेतला, तेव्हा थोडे दिवस सगळे सिग्नल आणि टेलिग्रामवर जाऊन आले. मग परतले, कारण मामेभाऊ, दूधवाला आणि वर्गशिक्षिका तिथेच होत्या. भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये याच धोरणावरून व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. पुढे प्रकरण अपिलात गेलं. आयोगाच्या म्हणण्याचा गाभा हाच होता, की ज्याच्याकडे खरा पर्याय नाही त्याच्या होकाराला होकार म्हणता येत नाही.

निघून जाण्याची सोय तयार करावी लागते, ती आपसूक उगवत नाही. मोबाइलच्या नंबरचंच बघा. एके काळी कंपनी बदलायची म्हणजे नंबर सोडायचा. तो सगळ्यांकडे गेलेला, दुकानाच्या पाटीवर रंगवलेला, लेकीच्या स्थळासाठी दिलेल्या माहितीपत्रकात छापलेला. त्यामुळे रेंज नसली तरी लोक चिकटून राहायचे. ‘नाही आवडत तर कंपनी बदला’ हे तेव्हाही म्हणता यायचंच. नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. ती कंपन्यांच्या दानतीनं नाही झाली, दूरसंचार नियामकाच्या नियमानं झाली. ई-मेलचंही तसंच आहे. कुठल्याही सेवेवरून कुठल्याही सेवेवर पत्र जातं, कारण ती पद्धत मक्तेदारीच्या आधी जन्मली. मेसेजिंगचं तसं का नाही, याला तांत्रिक उत्तर फार तोकडं आहे. युरोपच्या डिजिटल बाजार कायद्यानं व्हॉट्सॲपला तिथे इतर ॲपसाठी दार किलकिलं करायला लावलंच.

माझ्यासारख्यांना ज्याचं सर्वांत जास्त आकर्षण त्या कंपनीचंही उदाहरण द्यायला हवं. ॲपल वर्षानुवर्षं सांगत होती, की चार्जिंगचं एकच पोर्ट सगळ्यांवर लादलं तर नवनिर्मिती खुंटेल. युरोपीय संघानं २०२२ मध्ये निर्देश मंजूर केला, २८ डिसेंबर २०२४ ही मुदत घातली. ॲपलनं मुदतीची वाटही पाहिली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ यूएसबी-सी घेऊन आला, युरोपातच नव्हे तर सगळीकडे. नवनिर्मितीचं जे काही व्हायचं ते झालं असेल, पण घरातल्या खणातला वायरींचा गुंता कमी झाला. ब्रसेल्समधल्या मतदानानं सांगलीतल्या माणसाची एक वायर वाचली, आणि त्यासाठी त्यानं सेटिंगमध्ये जायची गरज पडली नाही.

पण असा फायदा नेहमी आपल्यापर्यंत झिरपतोच असं नाही. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि चांगले चालणारे असंख्य जुने लॅपटॉप इतर अटींसह त्या अटीवर नापास होतात. आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट हवे असतील तर तीस डॉलर भरा, किंवा कंपनीचे बक्षीस-गुण वापरा, किंवा आपल्या संगणकाच्या सेटिंगचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवा, असे पर्याय होते. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की युरोपीय आर्थिक क्षेत्रात हे अपडेट मोफत मिळतील आणि बॅकअपची अट राहणार नाही. लिस्बनमधल्या आणि रत्नागिरीतल्या दोन सारख्याच लॅपटॉपांना तेच अपडेट हवं होतं. त्यांच्यात फरक होता तो पाठीशी कोण उभं आहे एवढाच. विंडोज ११ मधून एज ब्राउझर काढून टाकण्याची सोयही युरोपात मिळाली. आपल्याकडे तो अजून व्यवस्थेचा ‘अविभाज्य भाग’ आहे. एका खंडात भाज्य आणि दुसऱ्यात अविभाज्य असणारा हा भाग संगणकशास्त्रात कुठे बसवायचा, ते मला कळलेलं नाही.

सुरक्षेच्या नावाखाली जे चालतं त्याला सगळ्यांत जास्त आदर मिळतो, म्हणून तिथे जरा थांबू. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवं. तो ठरावीक महिन्यांनी बदला. मागचे काही चालणार नाहीत. हा नेम आला कुठून? अमेरिकेतल्या निस्ट या प्रमाण-संस्थेच्या एका दस्तऐवजातून, जो बिल बर या अधिकाऱ्यानं लिहिला होता. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनीच वृत्तपत्राला सांगितलं, की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. कारण उघड आहे. महिन्याला पासवर्ड बदलायला लावला की माणूस शेवटचा १ काढून २ करतो, नाहीतर चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवतो. निस्टनं २०१७ मध्ये ठरावीक काळानं पासवर्ड बदलायला लावू नका अशी शिफारस केली आणि २०२५ च्या नव्या आवृत्तीत त्याचं रूपांतर सरळ मनाईत केलं. मायक्रोसॉफ्टनंही २०१९ मध्ये आपल्या सुरक्षा-शिफारशींतून ही मुदत काढून टाकली. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रानं तर २०१७ मध्येच संस्थांना सांगितलं, की लोकांना पासवर्ड पेस्ट करू द्या, कारण त्यामुळे पासवर्ड मॅनेजर वापरता येतो आणि लांबलचक पासवर्ड ठेवता येतो.

तरीही आपल्याकडे बँकांच्या, सरकारी कामांच्या पानांवर पेस्ट बंद, मुदत चालू आणि वर एक वाकडातिकडा कॅप्चा. मी यामागे कारस्थान बघत नाही. पण अशा नियमांचा एक फायदा असतो, तो नियम करणाऱ्याला होतो. काही बिघडलं तर ‘आम्ही तर सगळे निर्बंध घातले होते, ग्राहकानंच काळजी घेतली नाही’ असं म्हणता येतं. खरी सुरक्षा कशी दिसते? रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जायला सांगितलं, तशी. नकली बँकेची वेबसाइट ओळखणं त्यानं सोपं झालं, आणि त्यासाठी कुणाच्याही आजीला चिन्ह-आकडा-मोठं अक्षर करत बसावं लागलं नाही.

याहून बोचरं उदाहरण यूपीआयचं. जुना सोफा विकायला काढला, की एक फोन यायचा: मी लष्करात आहे, सोफा घेतो, पैसे आत्ताच पाठवतो, तुमच्या फोनवर येईल त्यावर फक्त पिन टाका. येणारी असायची ती पैसे मागणारी विनंती. पिन टाकला की पैसे यायच्या ऐवजी जायचे. या फसवणुकीत साधीसुधी माणसं लुबाडली गेली, शिक्षक आणि निवृत्त अधिकारीही गेले. आणि आम्ही काय केलं? वर्षानुवर्षं शिकवण्या दिल्या. ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही’ अशा जाहिराती झाल्या, संदेश आले, पोलिसांनी पत्रकं वाटली, आणि जो फसला त्याला घरच्यांनी ‘एवढं कसं कळलं नाही’ म्हणून वेगळं ऐकवलं. मग नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं जुलै २०२५ मध्ये एक परिपत्रक काढलं: १ ऑक्टोबरपासून एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोय बंद. झालं. त्यानंतर कुणाचं काही अडल्याचं ऐकलं आहे का? मित्राकडून चहाचे पैसे मागायला लोक फोन करतात, क्यूआर कोड दाखवतात, नाहीतर सोडून देतात. चोराच्या सोयीचा एक दरवाजा इतकी वर्षं उघडा होता आणि आम्ही त्यातून आत आलेल्या चोराबद्दल घरमालकाला बोल लावत होतो.

राहिला तो हुकमी पत्ता, कुकीच्या पाट्यांचा. याला थोडा मान द्यायलाच हवा. युरोपचे नियम (२००२ चा निर्देश, त्यातली २००९ ची दुरुस्ती, आणि २५ मे २०१८ पासूनचा जीडीपीआर हा डेटा-संरक्षण कायदा) चांगल्या हेतूचे होते, पण अंमलबजावणी बराच काळ ढिली राहिली. परिणामी अर्ध्या जगाला पाट्या पुसत बसावं लागलं, हे खरं. मात्र पाटी लावा असं कायद्यानं कधीच म्हटलं नव्हतं. कायदा म्हणत होता, की काम चालायला जे लागतं त्याच्या पलीकडे माणसाचा माग काढायचा असेल तर आधी विचारा. माग काढायचाच नसेल तर विचारायचं काय कारण? प्रोग्रामरांच्या गिटहब या वेबसाइटनं डिसेंबर २०२० मध्ये नेमकं हेच केलं: अनावश्यक कुकी काढल्या आणि पाटीही काढली. बाकीच्यांनी पाटी ठेवली, कारण त्यांना माग काढायचा होता. शिवाय ‘स्वीकारा’ला ठळक रंगीत बटण आणि ‘नाकारा’ दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, ही रचना तर कुठल्याच कायद्यात सापडणार नाही. फ्रान्सच्या नियामकानं जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला तो याचसाठी, की नाकारणं स्वीकारण्याइतकं सोपं नव्हतं. त्या एप्रिलमध्येच गूगलनं ‘सगळं नाकारा’ हे बटण द्यायला सुरुवात केली.

यावर आमच्यातले हुशार लोक म्हणतात, की ब्राउझरमध्येच एकदा सांगता आलं असतं, मग पाट्या कशाला? सांगता येत होतंच. ‘डू नॉट ट्रॅक’ ही सोय २०११ च्या आसपास प्रमुख ब्राउझरांत आली होती. एक खूण केली की प्रत्येक वेबसाइटला निरोप जायचा, माझा माग काढू नका. वेबसाइटींनी तो निरोप वाचला आणि सोडून दिला, कारण पाळायची सक्ती नव्हती. शेवटी फायरफॉक्सनंही ती सोय काढून टाकली. सौजन्यावर सोडलेल्या उपायाचं जे व्हायचं ते झालं.

आपल्या रिझर्व्ह बँकेनं आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांवर १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम लावले, तेव्हाही असाच गहजब झाला होता. पैसे कापायच्या चोवीस तास आधी ग्राहकाला कळवा, ठरावीक रकमेच्या वर असेल तर पुन्हा परवानगी घ्या. आधी ही मर्यादा पाच हजार होती, पुढे पंधरा हजार झाली. सुरुवातीला खरोखरच त्रास झाला, वर्गण्या अडकल्या, परदेशी कंपन्यांपैकी काहींनी भारतीय कार्डं घेणंच थांबवलं. तो त्रास मी लपवत नाही. पण आज वर्गणी कापली जाण्याच्या आदल्या दिवशी येणारा तो संदेश, आणि यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’खाली सगळ्या परवानग्या एका जागी बघून तिथूनच रद्द करण्याची सोय, यांच्याबद्दल तक्रार करणारा माणूस मला भेटलेला नाही. इथे इलियड नाही. कंपनीच्या दारात जाऊन विनवण्या कराव्या लागत नाहीत. आपल्या बाजूनं नळ बंद करता येतो.

मग इतकं दिसत असताना आमची जमात अजून ग्राहकालाच का झापते? मला वाटतं, यात थोडी प्रतिष्ठा गुंतलेली आहे. जे बटण कुणाला सापडत नाही ते आम्हाला सापडतं, यावर आमचा मान उभा आहे. लग्नकार्यात आमच्याभोवती फोन घेऊन रांग लागते ती त्यामुळेच. बटणं सगळ्यांना सापडतील अशी ठेवली तर आमच्याकडे कोण येणार? दुसरं म्हणजे, ज्या वस्तूवर जीव असतो तिच्याबद्दलची तक्रार ऐकवत नाही. हे मी समजू शकतो, पण प्रेम वस्तूवर असावं, तिच्या विक्री-विभागावर कशाला?

भाषेचा मुद्दा तर आम्ही विसरूनच जातो. ज्या पानावर ‘मला मान्य आहे’ म्हणायचं ते पान बहुतेक वेळा इंग्रजीत, वकिली इंग्रजीत असतं. फोन मराठीत लावणाऱ्या माणसालाही ॲपचं वरचं कवच तेवढं मराठीत मिळतं. संमतीचा मजकूर आणि रद्द करण्याची वाट इंग्रजीतच राहते. जाहिरात मात्र अस्खलित मराठीत येते. म्हणजे भाषांतराचे पैसे नाहीत असंही नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात यासंबंधी दोन तरतुदी आहेत, ज्यांच्याकडे आमच्या चर्चांत कुणी फारसं बघत नाही. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे; मराठी त्यात आहेच. आणि दिलेली संमती काढून घेणं हे ती देण्याइतपतच सोपं असलं पाहिजे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने दिले आहेत, म्हणजे मे २०२७ पर्यंत मुदत आहे. त्यानंतर परवानगी द्यायला एक क्लिक आणि काढून घ्यायला सहा लागत असतील, तर आधी कंपनीकडे आणि तिथे दाद लागली नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येईल. अशा उल्लंघनाला ५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. क्लिक मोजायचे, प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढायचा, त्यावर लाल बाण रंगवायचे आणि तारीखवार लावून ठेवायचं, एवढं काम त्यासाठी लागेल. यात आमच्या जमातीचा हात कुणी धरणार नाही.